पोटाच्या क्षयरोगात एमआरआय : कधी करावा, कसा करून घ्यावा, रिपोर्ट कसा वाचावा

पोटाचा क्षयरोग हा निदानाला अवघड आजार आहे, कारण त्याची एकही खूण फक्त त्याचीच नसते. काही महिन्यांपासून संध्याकाळी अंगात राहणारा बारीक ताप, उतरत चाललेले वजन, गेलेली भूक आणि बेंबीभोवती येणारी कळ या तक्रारी अनेक आजारांत सापडतात. पोटात गोळा फिरतो, थोड्या वेळाने गुडगुड आवाज होऊन तो सुटतो आणि मग बरे वाटते, असे रुग्णाने आपणहून सांगितले तर मात्र कान टवकारावेत, कारण हे आतडे कुठेतरी अरुंद झाल्याचे लक्षण असते. सोलापूर शहरातले यंत्रमाग आणि विडी कामगार, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडचे शेतकरी, सीमेपलीकडच्या इंडी भागातून येणारी कुटुंबे अशा रुग्णांचे महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या आणि जंतांच्या गोळ्यांत जातात, आणि मग कोणीतरी म्हणते, ‘आता एमआरआयच काढून टाकू.’

हा लेख मुख्यतः असा रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे, मात्र रुग्णाच्या घरच्यांना उपयोगी पडेल असे त्यात बरेच आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. एमआरआय रोगाची जागा, व्याप्ती आणि स्वरूप दाखवतो, जंतू दाखवत नाही. म्हणून पोटाच्या क्षयरोगात त्याचे खरे काम तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) किंवा पोटातले पाणी कोठून घ्यायचे हे सांगणे आणि आतडे कुठे, किती अडले आहे हे मोजणे, एवढेच धरून चालावे.

एमआरआयच्या आधी करायच्या गोष्टी

हा रोग आतड्यात, पोटाच्या आतल्या आवरणात म्हणजे पेरिटोनियममध्ये, लसिका गाठींत आणि यकृत-प्लीहेसारख्या अवयवांत होतो, आणि एकाच रुग्णात यांपैकी दोन-तीन जागा धरलेल्या असणे नेहमीचेच आहे. आतड्यात त्याची आवडती जागा लहान आतड्याचा शेवट (टर्मिनल इलियम) आणि मोठ्या आतड्याची सुरुवात (सीकम) ही असते. तिथे लसिका ऊती भरपूर असते आणि अन्नरसही तिथे जास्त वेळ थांबतो.

सुरुवात सोनोग्राफी आणि छातीच्या एक्स-रेने करावी. छाती स्वच्छ दिसली म्हणून पोटाचा क्षयरोग नाही असे होत नाही, कारण पोटाच्या क्षयरोगाच्या पुष्कळ रुग्णांचा एक्स-रे नॉर्मल असतो. रक्तातली साखर, एचआयव्ही, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या याच टप्प्यावर उरकाव्यात, कारण पुढे त्या लागणारच आहेत. मॅन्टू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी पॉझिटिव्ह आली तरी आपल्या देशात त्यावरून सक्रिय रोग ठरवता येत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षयरोग सांगणाऱ्या जुन्या चाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे, त्यामुळे तशी चाचणी कोणी सुचवली तर नम्रपणे नकार द्यावा.

पोटात पाणी झाले असेल तर आधी सुई, मग एमआरआय. पाणी काढून त्यातील पेशी, प्रथिने, अल्ब्युमिन, एडीए (क्षयरोगात वाढणारे एक एन्झाइम), सायटॉलॉजी, सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणे) या तपासण्या कराव्यात आणि त्याच दिवशी रक्तातले अल्ब्युमिनही मोजावे. लिम्फोसाइट पेशी जास्त, प्रथिने जास्त, रक्त आणि पाणी यांतील अल्ब्युमिनचा फरक १.१ पेक्षा कमी आणि एडीए साधारण ३९ युनिटच्या वर, असे चित्र क्षयरोगाच्या बाजूने बोलते. सिरॉसिस असलेल्या रुग्णात एडीए फसवे कमी येऊ शकते, तर लिम्फोमात (लसिका ऊतीच्या कर्करोगात) ते फसवे वाढू शकते. पाण्यातल्या सीबीनॅटची पकड कमजोर आहे, त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली तर मोलाची, पण निगेटिव्ह आली म्हणून रोग नाही असे म्हणू नये.

सीटी की एमआरआय

पोट फुगलेले, उलट्या चालू, गॅस सुटत नाही, असा रुग्ण समोर असेल तर एमआरआयचा विषयच काढू नये. उभ्याने एक्स-रे, सीटी आणि सर्जन, याच क्रमाने जावे. आतडे फुटून बाहेर आलेली हवा आणि गाठींमधला चुना सीटीत स्पष्ट दिसतो, एमआरआयमध्ये दोन्ही सहज निसटतात. ज्याला धाप आहे किंवा पंधरा-वीस सेकंद श्वास रोखता येत नाही, अशा वृद्ध रुग्णालाही सीटीच सोयीचा, कारण हलून बिघडलेल्या एमआरआयपेक्षा चांगला सीटी केव्हाही बरा.

रुग्ण तरुण असेल, पुढे पुन्हापुन्हा तपासणी लागण्याची शक्यता असेल, क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाचा आजार) की क्षयरोग असा पेच असेल, आतड्यात अनेक ठिकाणी अरुंदपणा (स्ट्रिक्चर) असावा असे वाटत असेल, किंवा वंध्यत्वासाठी उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या पोटात आणि गर्भनलिकांत एकत्र रोग असण्याची शंका असेल, तर एमआरआय आपली किंमत वसूल करतो. त्यात किरणोत्सर्ग नाही. गरोदर स्त्रीमध्येही तो करता येतो, मात्र शिरेतून द्यायचे गॅडोलिनियम कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारे औषध) तिथे टाळावे. स्तनपान करणाऱ्या आईला कॉन्ट्रास्ट दिल्यास दूध तोडण्याची गरज नाही.

यंत्र १.५ टेस्लाचे की ३ टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे माप), असे नातेवाईक हल्ली विचारतात. जास्त टेस्ला म्हणजे जास्त चांगले, हा समज पोटाच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. पोटात भरपूर पाणी असेल तर ३ टेस्लावर मधोमध काळ्या सावल्या पडतात आणि नेमका हवा तो भाग झाकोळतो, म्हणून अशा रुग्णाला १.५ टेस्लाच पसंत करावा.

चिठ्ठी लिहिताना

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ॲब्डोमेन’ लिहिले तर केंद्रावर यकृत आणि पित्ताशयासाठीची नेहमीची तपासणी होते, आतडी मिटलेलीच राहतात आणि रिपोर्टमध्ये ‘आतड्यांची भिंत जाड वाटते’ एवढेच येते. मिटलेल्या आतड्याची भिंत नेहमीच जाड दिसते. म्हणून ‘एमआर एन्टरोग्राफी’ (द्रव पाजून, आतडी उघडून केलेला एमआरआय) हे शब्द चिठ्ठीत आलेच पाहिजेत आणि त्यासोबत प्रश्नही लिहिलेला हवा. नमुन्यादाखल अशी चिठ्ठी पाहावी :

‘स्त्री, वय २६. चार महिन्यांपासून बेंबीभोवती कळ, संध्याकाळी ताप, वजन ७ किलोने कमी. सोनोग्राफीत उजवीकडे खाली आतड्याची भिंत जाड, जवळ गाठी. उलटी नाही, गॅस सुटतो. क्षयरोगाची औषधे अद्याप सुरू नाहीत. क्रिएटिनिन ०.८. एमआर एन्टरोग्राफी करावी. प्रश्न : टर्मिनल इलियम आणि सीकमखेरीज वर आणखी स्ट्रिक्चर आहेत का? गाठींच्या मध्यभागी नेक्रोसिस आहे का? बायोप्सी कोठून घेणे सोयीचे?’

एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात. औषधे सुरू आहेत की नाहीत हे वाक्य विसरू नये, कारण महिनाभर औषध घेतलेल्या रुग्णाचे चित्र वेगळ्या नजरेने वाचावे लागते.

यंत्रात जाण्यापूर्वीची तपासणी

पेसमेकर, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप यांची माहिती आधी द्यावी आणि शक्य असेल तर त्यांची कार्डे सोबत आणावीत. ग्राइंडर किंवा वेल्डिंगचे काम केलेल्या माणसाला, मग तो एमआयडीसीतला फिटर असो की मागाचे भाग घासणारा जॉबर, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे मुद्दाम विचारावे. हो म्हणाला तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढावा. तांबी बसवलेल्या बाईला सहसा अडचण येत नाही, पण तीही सांगावी.

दागिन्यांबाबत आपल्याकडे जरा जास्त दक्ष राहावे लागते. मंगळसूत्र आणि कानातले निघतात, पण बोटात रुतलेली जोडवी, नाकातली चमकी, दंडातला ताईत आणि पुरुषांच्या कमरेचा चांदीचा मणी ओवलेला करगोटा हे राहून जाते. साडीच्या निऱ्यांना लावलेल्या सेफ्टी पिना तर हमखास राहतात. जरीच्या काठातही धातू असू शकतो. म्हणून केंद्रावरचा गाऊन घालायला संकोच करू नये. जोडवी निघत नसतील तर ती आदल्या दिवशी घरीच तेल किंवा साबण लावून काढावीत. तपासणीच्या खोलीबाहेर ती ओढाताण फार वेळ खाते.

मूत्रपिंडाची क्षमता (ईजीएफआर) ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टचा निर्णय रेडिओलॉजिस्टशी बोलून घ्यावा. भीतीपोटी सरसकट नाही म्हणू नये आणि बेफिकिरीने होही म्हणू नये.

पोटाची तयारी

आदल्या रात्री मऊ भात-वरणासारखे हलके जेवावे. भाकरी, शेंगाची चटणी आणि पालेभाजी त्या रात्री नको. तपासणीपूर्वी चार ते सहा तास उपाशी राहायचे असते. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात आजाराने खंगलेल्या माणसाला दुपारपर्यंत उपाशी ठेवणे बरे नव्हे, म्हणून सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्या सकाळी कसे घ्यायचे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

आतडी उघडून दिसावीत म्हणून तपासणीपूर्वी ४५ ते ६० मिनिटांत सुमारे दीड लिटर द्रव प्यावा लागतो. मॅनिटॉल वापरत असतील तर २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या दोन बाटल्या साधारण १३०० मिली पाण्यात मिसळल्या की जवळपास २.७ टक्क्यांचे द्रावण तयार होते आणि तेवढी तीव्रता पुरते. चव गोडसर, काहींना नकोशी. तो घटाघट पिऊन टाकू नये, दर दहा-बारा मिनिटांनी एक मोठा पेला याप्रमाणे घ्यावा. भरभर प्यायले तर उलटी होते आणि एकदम शेवटी प्यायले तर द्रव जठरातच राहून नेमके खालचे आतडे मिटलेले राहते.

यात दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. आतडे आधीच अडलेले असेल तर त्या रुग्णाला दीड लिटर पाजू नये. अडथळ्याच्या वर साठलेले पाणीच तिथे कॉन्ट्रास्टचे काम करते आणि त्यात चित्र चांगले येते. दुसरे म्हणजे, त्याच दिवशी दुर्बिणीची तपासणी ठरली असेल तर मॅनिटॉलऐवजी पॉलिएथिलिन ग्लायकॉल वापरावे, कारण मॅनिटॉलपासून आतड्यात ज्वलनशील वायू तयार होतात आणि दुर्बिणीतून विजेवरचे उपकरण वापरताना ते धोक्याचे ठरू शकते.

तपासणी झाल्यावर दोन-तीन तास जुलाब होतात. हे औषधाचेच काम आहे, आजार वाढला असे समजून घाबरू नये. मात्र तुळजापूर किंवा मंगळवेढ्याची एसटी लगेच गाठण्याचा बेत करू नये. पोट शांत होईपर्यंत शहरातच थांबावे आणि मीठ-साखरेचे पाणी पीत राहावे.

यंत्रात

तपासणीला अर्धा ते पाऊण तास लागतो. आतड्यांची हालचाल थांबावी म्हणून हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश देतात. काचबिंदूचा विशिष्ट प्रकार, प्रोस्टेटमुळे लघवी अडणे किंवा हृदयाचे ठोके अनियमित असणे यांपैकी काही असेल तर आधी सांगावे. इंजेक्शननंतर काही काळ अंधुक दिसते, म्हणून परतीला दुचाकी स्वतः चालवू नये.

सगळे यश श्वास रोखण्यावर अवलंबून असते. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरांतली वयस्क मंडळी बरीच येतात. त्यांना मराठी समजते, पण हेडफोनमधून येणारी ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ ही यांत्रिक आज्ञा कळेलच असे नाही. तंत्रज्ञाने आत नेण्यापूर्वी त्यांच्याच भाषेत दोनदा सराव करून घेतला तर पुढची पंधरा मिनिटे वाचतात.

रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात : उभ्या आणि आडव्या छेदांत जलद टी-२ (पाणी आणि सूज उजळ दाखवणारी चित्रे), त्यांतील एक मेद दाबून, बॅलन्स्ड एसएसएफपी, डिफ्युजन (ऊतीतल्या पाण्याच्या हालचालीवरून काढलेली चित्रे), आणि ०.१ मिलिमोल प्रति किलो गॅडोलिनियम देऊन मेद दाबलेले टी-१ चे टप्पे. उभ्या छेदाचे पहिले चित्र येताच टर्मिनल इलियम भरले आहे का ते पाहावे. भरले नसेल तर रुग्णाला उठवून आणखी एक पेला पाजावा आणि मगच पुढे जावे.

चित्र वाचण्याचा क्रम

आधी उजवीकडचा खालचा कोपरा पाहावा. क्षयरोगात टर्मिनल इलियम आणि सीकम दोघांची भिंत जाड होते, मधली झडप ताठ होऊन उघडी राहते आणि जुन्या रोगात सीकम आकसून वर ओढला जातो. नीट फुगलेल्या आतड्याची भिंत ३ मिमीपेक्षा जाड असेल तर ती असामान्य धरावी. मग तिथून वर एकेक वेटोळे तपासत जावे. क्षयरोगाचे अरुंद भाग आखूड असतात, एकाहून अधिक असू शकतात आणि त्यांच्या वरचे आतडे ३ सेंमीहून जास्त फुगलेले असेल तर अडथळा खरा आहे असे समजावे.

क्रोन्सशी गल्लत इथेच होते. लांबच लांब धरलेले आतडे, मधे सोडलेले निरोगी भाग, आतड्याच्या पडद्याकडच्या बाजूलाच जास्त जाडी, फण्याच्या दातांसारख्या ताणलेल्या रक्तवाहिन्या, भोवती वाढलेली चरबी आणि गुदद्वाराजवळचे भगंदर ही क्रोन्सची लक्षणे. क्षयरोगाच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा गाठींमध्ये असतो : मध्यभागी मृत ऊती (नेक्रोसिस) आणि भोवती कॉन्ट्रास्टची चमकती कडा असलेल्या गाठी क्रोन्समध्ये क्वचितच दिसतात. त्या दिसल्या नाहीत तर मात्र क्षयरोग बाद होत नाही. गाठी मोठ्या, एकसारख्या आणि आतड्याची भिंत खूप जाड असूनही अडथळा नाही, असे असेल तर लिम्फोमा मनात आणावा.

डिफ्युजनवर एखादी जागा चमकली की ‘टीबी’ लिहून मोकळे होण्याची सवय वाईट आहे. क्रोन्स चमकतो, कर्करोगही चमकतो. त्या चमकेचा उपयोग नजर कुठे न्यायची हे कळण्यापुरता.

पेरिटोनियमची जाडी क्षयरोगात बहुधा एकसारखी आणि गुळगुळीत असते, तर कर्करोगात ती गाठीगाठींची आणि ओबडधोबड असते. पण अपवाद दोन्हीकडे आहेत. पोटात पाणी, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाड आणि सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगासाठी पाहिली जाणारी रक्तचाचणी) वाढलेले असे तरुण स्त्रीचे चित्र पाहून घाईने अंडाशयाच्या कर्करोगाचा शिक्का मारला जातो. सीए-१२५ पेरिटोनियमच्या क्षयरोगातही भरपूर वाढते, त्यामुळे तुकडा तपासल्याशिवाय त्या घरात कर्करोग हा शब्द उच्चारू नये.

शेवटी यकृत, प्लीहा, गर्भनलिका पाहून कमरेचे मणके, सोआस स्नायू आणि फुप्फुसांचे तळ यांवरून नजर फिरवावी. ते त्याच चित्रांत फुकट दिसतात, आणि मणक्यातला रोग तिथे पहिल्यांदा सापडू शकतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टच्या शेवटी ‘लाइकली कॉक्स ॲब्डोमेन’ असे लिहिलेले असते. कॉक्स म्हणजे क्षयरोग आणि लाइकली म्हणजे शक्यता. या ओळीवर त्याच संध्याकाळी औषधे सुरू करू नयेत. रुग्ण अत्यवस्थ नसेल तर आधी पुरावा घ्यावा, कारण औषधे सुरू झाल्यावर जंतू सापडण्याची शक्यता घटते. पेच सुटलेला नसताना क्रोन्स समजून स्टिरॉइड देणे तर त्याहून धोक्याचे, कारण खाली क्षयरोग असेल तर तो अंगभर पसरू शकतो.

एमआरआयने दाखवलेली जागा दुर्बिणीच्या टप्प्यात असेल तर कोलोनोस्कोपी करून व्रणाच्या तळातून आणि कडेतून अनेक तुकडे घ्यावेत. इथे एक छोटी बाटली सगळे बिघडवते. सवयीने सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकले जातात आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. काही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी आणि काही साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट-कल्चरसाठी, अशा दोन बाटल्या लेबल लावून आधीच तयार ठेवाव्यात. नातेवाइकांनीही दुसरी बाटली कुठे गेली हे विचारायला हरकत नाही. कल्चरला द्रव माध्यमातही सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. रोग गाठींत असेल तर सोनोग्राफीखाली सुईने, आणि फक्त पेरिटोनियमवर असेल तर लॅप्रोस्कोपीने नमुना घ्यावा लागतो.

सीबीनॅट सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत होते आणि औषधेही मोफत मिळतात. खासगी डॉक्टरांनीही रुग्णाची नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर करणे बंधनकारक आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून नोंद झालेल्या रुग्णाला उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात मिळतात. सिव्हिलच्या क्षयरोग विभागात आधार आणि पासबुक घेऊन गेले की ही नोंद लागते.

उपचार सुरू असताना पुन्हा एमआरआय

औषधांना दाद देणाऱ्या जंतूंसाठी उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. रुग्ण सुधारतो आहे हे सांगायला ताप उतरणे, भूक लागणे आणि वजनकाटा पुरेसा आहे, त्यासाठी दर दोन महिन्यांनी एमआरआय काढू नये. दोन-तीन महिन्यांनी काहीच फरक नसेल, निदान तुकड्याशिवाय केलेले असेल, किंवा कळ उलट वाढली असेल, तर मात्र पुन्हा काढावा आणि शक्यतो त्याच केंद्रावर, त्याच पद्धतीने. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गाठी तात्पुरत्या वाढू शकतात. औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढून घाईने औषधे बदलण्याआधी ती शक्यता, तसेच औषधाला दाद न देणारा जंतू आणि चुकलेले निदान, असे तिन्ही तपासावे.

अरुंद भागाचा प्रश्न वेगळा आहे. टी-२ वर उजळ आणि सुजलेला दिसणारा अरुंदपणा औषधांनी पुष्कळदा उघडतो. सूज ओसरून काळसर, ताठ राहिलेला आणि वरचे आतडे फुगवणारा अरुंदपणा हा व्रण भरून आल्याचा वण असतो, तो औषधे वाढवून जात नाही आणि त्याला फुग्याने रुंद करणे किंवा शस्त्रक्रिया लागते. दोन्ही स्वरूपे एकाच जागी मिसळलेली असणेही नेहमीचे, म्हणून सर्जनकडे जाताना फक्त छापील रिपोर्ट आणि फिल्म न नेता पहिल्या आणि दुसऱ्या एमआरआयच्या दोन्ही सीडी न्याव्यात. फिल्मवर निवडक छेद असतात, कापायची जागा ठरवायला सर्व छेद पाहावे लागतात.